लशीबाबतचा संशय : मोजायचा कसा, मोजायचा कशासाठी?

सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत गेल्या काही वर्षांत एक आकडा वारंवार पुढे येतो. अमुक देशातील इतके टक्के प्रौढ लस घेण्यास तयार नाहीत, तमुक प्रांतातील इतके टक्के साशंक आहेत, अशी वृत्ते प्रसिद्ध होतात. त्यांवर बैठका होतात, परिपत्रके निघतात आणि जनजागृतीच्या योजना आखल्या जातात. आकडा एकदा छापून आला की त्याला प्रमाणाची प्रतिष्ठा लाभते आणि तो कसा मिळाला हे विचारण्याचे भान सहसा कुणाला उरत नाही. वस्तुतः हा आकडा माणसाच्या मनातील एका अस्थिर अवस्थेविषयी असतो. ताप मोजण्यासाठी पाऱ्याची नळी आहे, रक्तदाब मोजण्यासाठी उपकरण आहे. संशय मोजण्यासाठी मात्र प्रश्नावलीखेरीज दुसरे साधन नाही. प्रश्न कोणी विचारला, कोणत्या शब्दांत विचारला, कोणाला विचारला आणि कोणाला विचारायचा राहून गेला, यांवर उत्तर अवलंबून असते. म्हणूनच हा विषय केवळ संख्याशास्त्रज्ञांवर सोपवून चालत नाही. शासन नागरिकांना अडाणी ठरवणार, हट्टी ठरवणार, की त्यांची अडचण समजून घेणार, हे पुष्कळदा या मोजमापावरूनच निश्चित होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाच्या आरोग्यापुढील दहा धोक्यांची यादी प्रसिद्ध केली, तीत लस घेण्याबाबतच्या चालढकलीचा समावेश होता. त्यानंतर वर्षभरातच कोविडची महासाथ पसरली. तोवर लसीकरण म्हणजे प्राधान्याने तान्ह्या मुलांचे लसीकरण असा समज रूढ झाला होता. बाळाला घेऊन आई दवाखान्यात जाई आणि परिचारिका कार्डावर खूण करी. कोविडने कोट्यवधी प्रौढांना स्वतःच्या दंडापुरता निर्णय घ्यावयास लावला, आणि प्रौढांच्या मनातील संशय मोजण्याच्या उद्योगाला सर्वत्र जोर आला.

शंका जुनीच आहे

हा संशय नव्या युगाने जन्माला घातला असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी याच शहरात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगनिवारणाच्या नावाखाली गोऱ्या शिपायांकडून घराघरांच्या झडत्या चालल्या होत्या. त्या झडत्यांनी पेटलेल्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावरील गोळीबारात झाला. अशा वातावरणात सरकारी हातातून येणारी प्रत्येक गोष्ट लोकांना संशयास्पद वाटली तर त्यात नवल नव्हते. कुपीतील द्रव्याविषयी त्यांना फारसे ठाऊक नव्हते. ती कुपी धरणाऱ्या हाताचा अनुभव मात्र त्यांनी घेतला होता.

पुढे ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी प्लेगची लस टोचून घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. एकाच बाटलीतील लस दूषित झाली होती. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि १९०७ साली कुठे ते निर्दोष ठरले. त्या घटनेनंतर पंजाबातील एखाद्या शेतकऱ्याने टोचून घेण्यास नकार दिला असता, तर आजच्या भाषेत त्याची नोंद ‘साशंक’ अशी झाली असती. परंतु त्याच्या शंकेच्या मुळाशी अफवा नव्हती, घडलेली घटना होती. त्याच्या शंकेचे उत्तर सुरक्षिततेच्या पुराव्याने आणि झालेल्या चुकीच्या प्रामाणिक चौकशीने द्यावयाचे होते.

सव्वाशे वर्षांनंतरही हेच सूत्र दिसले. १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात कोविडचे लसीकरण सुरू झाले तेव्हा पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. कोव्हॅक्सिन या लशीला ३ जानेवारी रोजी परवानगी मिळाली होती. पण तिच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे निष्कर्ष तोवर हाती आले नव्हते. दिल्लीतील एका मोठ्या सरकारी रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी, दुसरी लस मिळावी अशी लेखी मागणी केली. वैद्यकशास्त्र शिकलेल्या या तरुणांना अडाणी म्हणण्याचे धाडस कोण करील? मार्चच्या आरंभी त्या लशीचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले आणि शंकेचा मुख्य आधारच दूर झाला. जानेवारीत मोजलेला संशय आणि एप्रिलमध्ये मोजलेला संशय यांची बेरीज एकाच रकान्यात करणे, म्हणजे आजारी आणि बरा झालेला या दोघांना एकाच खाटेवर झोपवण्यासारखे होय.

व्याख्येतील मेख

मोजायचे तर आधी व्याख्या हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये अहवाल दिला. लसीकरणाची सेवा उपलब्ध असूनही लस स्वीकारण्यात केलेला विलंब अथवा दिलेला नकार, अशी त्यांनी या संशयाची व्याख्या केली, आणि त्याची कारणे तीन गटांत मांडली : लशीवरील व ती देणाऱ्यांवरील विश्वासाचा अभाव, रोगाविषयीची निश्चिंती आणि सोयीचा अभाव. या व्याख्येतील ‘उपलब्ध असूनही’ हे दोन शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत, आणि व्यवहारात नेमके तेच गाळले जातात.

भारतातील २०२१ चा उन्हाळा आठवावा. १ मे पासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. पण पुरवठा अपुरा होता आणि ४५ वर्षांखालील व्यक्तींना ‘को-विन’ या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी सक्तीची होती. वेगवान इंटरनेट असलेल्या शहरी तरुणांनी तालुक्याच्या केंद्रांवरील वेळा पटकावल्या, मोटारी काढून ते खेड्यांत गेले आणि लस घेऊन परतले. त्याच खेड्यातील मजूर मात्र केंद्राच्या दाराशी उभा राहिला. ३१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीकडे केंद्र सरकारचे लक्ष वेधले. जून महिन्यात धोरण बदलले, केंद्रावर येऊन नोंदणी करण्याची मुभा मिळाली आणि लसीकरणाने वेग घेतला. त्या मधल्या काळात लस न घेतलेल्या मजुराला एखाद्या पाहणीत ‘अजून लस घेतलेली नाही’ या रकान्यात टाकले असेल, आणि बैठकीच्या खोलीत पोहोचेपर्यंत त्या रकान्याचे नाव ‘लशीला विरोध’ असे झाले असेल, तर दोष त्या मजुराचा नव्हे.

स्त्रियांच्या बाबतीत हाच गोंधळ अधिक खोल आहे. मोहिमेच्या पहिल्या काही महिन्यांत पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांना दिलेल्या मात्रा कमी होत्या. स्त्रिया अधिक साशंक होत्या असा निष्कर्ष यावरून घाईने काढता येईल. पण नोंदणीचा मोबाइल कोणाच्या खिशात होता, केंद्रापर्यंत एकटीने जाण्याची मुभा कोणाला होती, आणि टोचल्यानंतर दोन दिवस ताप आला तर घरातील चूल कोण पेटवणार होते, हे प्रश्न विचारल्याशिवाय तो निष्कर्ष पूर्ण होत नाही.

मोजपट्ट्यांचा प्रपंच

मनोवृत्ती मोजण्याची सर्वपरिचित रीत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली रूढ केली. एक विधान द्यायचे आणि ‘पूर्ण सहमत’ पासून ‘पूर्ण असहमत’ पर्यंतच्या पायऱ्यांपैकी एक निवडावयास सांगायचे. गुण मांडून बेरीज करायची. लशीबाबतच्या बहुतेक मोजपट्ट्या याच रीतीच्या आहेत. उपरोक्त तज्ज्ञगटाच्या कामातून मुलांच्या पालकांसाठी दहा विधानांची एक मोजपट्टी निघाली; कॅनडात तिची तपासणी झाली तेव्हा तिच्यात एकजिनसी संशय न सापडता दोन निराळ्या गोष्टी सापडल्या : एक विश्वासाचा अभाव, दुसरी धोक्याची भीती. पुढे हीच विधाने प्रौढांच्या स्वतःच्या लसीकरणाला लागू होतील अशी बदलून घेण्यात आली. कपडा मात्र मुळात मुलासाठी बेतलेला होता. बाळाला गोवराची लस देणाऱ्या आईचा निर्णय आणि साठीच्या गृहस्थाने स्वतःला फ्लूची लस घ्यावी की नाही याचा निर्णय, यांतील भीती, जबाबदारी आणि आळस यांचे मिश्रण सारखे नसते.

२०१८ साली जर्मनीतील मानसशास्त्रज्ञ कोर्नेलिया बेत्श आणि त्यांचे सहकारी यांनी पाच घटकांची मोजपट्टी मांडली : विश्वास, निश्चिंती, अडथळे, हिशोबीपणा आणि सामूहिक जबाबदारी. यांपैकी हिशोबीपणा हा घटक विशेष विचार करावा असा आहे. लाभ आणि धोका यांचा तौलनिक विचार करून निर्णय घेणारा मनुष्य वेळ लावतो, वाचतो, चार जणांना विचारतो. शाळेत ज्या वृत्तीला चिकित्सक म्हणून शाबासकी मिळते, तीच वृत्ती लसीकरणाच्या तक्त्यात कमतरता म्हणून नोंदली जाण्याचा धोका असतो. असा माणूस खरी माहिती मिळाली तर लशीचा उत्तम पाठीराखा होतो, आणि ती मिळाली नाही तर पहिल्या भेटणाऱ्या अफवेच्या हाती लागतो.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली चौकट सुधारली. लोकांना काय वाटते, भोवतालचा समाज काय म्हणतो, घेण्याची इच्छा आहे काय, आणि प्रत्यक्षात घेणे शक्य आहे काय, अशी चार दालने तिने वेगवेगळी केली. संशय हा शब्द तिने मनाच्या द्विधा अथवा विरोधी अवस्थेपुरता राखून ठेवला आणि लस कोठे मिळते, तेथवर जाता येते काय, परवडते काय, हे प्रश्न त्यापासून अलग केले. स्त्रीला केंद्रावर जाण्यासाठी कोणाची परवानगी लागते काय, असाही प्रश्न तीत आहे. दहा वर्षांच्या अनुभवानंतर तज्ज्ञांनी स्वीकारलेले हे पृथक्करण, हाच या विषयातील सर्वांत मोलाचा धडा आहे.

मोठा नमुना, मोठी चूक

व्याख्या नीट केली आणि मोजपट्टी चांगली निवडली, तरी प्रश्न कोणाला विचारायचा हे शिल्लक राहते. या बाबतीत अमेरिकेतील एक उदाहरण कोणत्याही संख्याशास्त्राच्या वर्गात शिकवावे असे आहे. २०२१ च्या पूर्वार्धात तेथे तीन पाहण्या एकाच वेळी चालू होत्या. फेसबुकमार्फत घेतल्या जाणाऱ्या एका पाहणीत दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक उत्तरे देत. जनगणना विभागाच्या पाहणीत दर पंधरवड्याला सुमारे पाऊण लाख उत्तरे येत. तिसरी पाहणी आठवड्याला जेमतेम एक हजार माणसांची होती. प्रत्यक्षात किती प्रौढांनी लस घेतली याची सरकारी नोंद उपलब्ध असल्याने तिघींची परीक्षा घेणे शक्य झाले. मे २०२१ मध्ये पहिल्या पाहणीने लस घेतलेल्यांचे प्रमाण १७ टक्के-बिंदूंनी आणि दुसरीने १४ टक्के-बिंदूंनी जास्त दाखवले; हजार माणसांची पाहणी मात्र सत्याच्या जवळ राहिली. ‘नेचर’ या नियतकालिकात डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणाचा निष्कर्ष असा की, त्या अडीच लाख उत्तरांचे मोल एका क्षणी काटेकोर यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या अवघ्या दहा माणसांच्या नमुन्याइतके उरले होते.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण वरवरचीच शिते शंभर वेळा चाचपली तर तळाचा भात शिजला की करपला ते कळत नाही. भारतात कोविडकाळात झालेल्या अनेक पाहण्या समाजमाध्यमांवरून आणि ई-पत्रांवरून फिरवलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेल्या होत्या. अशा प्रश्नावलीचे उत्तर महाविद्यालयातील विद्यार्थी देतो, त्याचा मित्र देतो, मित्राचा चुलतभाऊ देतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबापर्यंत ती पोहोचत नाही. त्या प्रश्नावल्यांच्या अंतर्गत सुसंगतीचा गुणांकही बहुधा छापलेला असतो. ली क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेला ‘अल्फा’ हा गुणांक उपयुक्त आहे, पण तो एवढेच सांगतो की प्रश्नांची उत्तरे परस्परांशी जुळतात. एकाच चुकीच्या वेळेवर लावलेली दहा घड्याळेही परस्परांशी तंतोतंत जुळतात.

सांगणे आणि करणे यांतील अंतर ही आणखी एक अडचण. डिसेंबर २०२० मध्ये एका आंतरराष्ट्रीय पाहणीत फ्रान्समधील केवळ ४० टक्के प्रौढांनी लस घेण्याची तयारी दाखवली होती. तत्पूर्वी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या अभ्यासातही फ्रान्स सर्वांत साशंक ठरला होता. तेथील ४१ टक्के लोकांना लशी सुरक्षित आहेत हे मान्य नव्हते. त्याच फ्रान्समध्ये २०२२ च्या प्रारंभापर्यंत बारा वर्षांवरील सुमारे ९० टक्के लोकांनी लस घेतली होती. मधल्या काळात साथीच्या लाटा आल्या, आप्तेष्टांनी लस घेतल्याचे लोकांनी पाहिले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये उपाहारगृहांपासून रेल्वेपर्यंत आरोग्य-परवाना सक्तीचा झाला. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. संशय सांगणारा मनुष्य कायमचा विरोधक नसतो, ही पहिली. आणि दंड पुढे केलेल्या प्रत्येकाचे मन वळलेले असतेच असे नाही, ही दुसरी. लसीकरणाचे प्रमाण वाढले म्हणून विश्वास वाढला असे गृहीत धरणारे शासन पुढील लशीच्या वेळी पुन्हा पहिल्या पायरीवर उभे असते.

‘बघू’ या शब्दाचे काय करायचे?

याशिवाय भाषेचा प्रश्न आहे. या मोजपट्ट्या प्रायः इंग्रजीत घडतात आणि भाषांतरित होऊन येतात. ‘सहमत’ आणि ‘असहमत’ हे शब्द कार्यालयीन मराठीत सुखाने नांदतात. शेताच्या बांधावर ते कोणी उच्चारत नाही. ‘लशी धोकादायक नसतात या विधानाशी मी असहमत आहे’ असे वाक्य सुशिक्षितालाही क्षणभर थांबवते; ज्याने आयुष्यात प्रश्नावली पाहिली नाही तो दारात आलेल्या पाहुण्याला दुखवू नये म्हणून ‘हो’ म्हणून मोकळा होतो. गळ्यात सरकारी ओळखपत्र अडकवलेला प्रश्नकर्ता समोर असला की तो ‘हो’ आणखी लवकर येतो.

मराठी माणसाचे या प्रश्नावरील सर्वांत प्रामाणिक उत्तर बहुधा ‘बघू’ असे असते. हा एक शब्द तीन-चार अर्थांनी भरलेला आहे. कधी तो सौजन्याने दिलेला नकार असतो. कधी ‘घरी विचारून सांगते’ हा त्याचा आशय असतो. कधी ‘शेजारच्यांनी घेतली, त्यांना काही झाले नाही, की आम्ही घेऊ’ असा सावध विचार त्यामागे असतो. कधी ‘सुगी संपली की येतो’ एवढाच त्याचा अर्थ असतो. छापील प्रश्नावलीत मात्र या चौघांची रवानगी ‘तटस्थ’ नावाच्या मधल्या घरात होते. पहिल्याला संवादाची गरज आहे, दुसरीला कुटुंबातील वडीलधाऱ्यांशी बोलणाऱ्या कोणाची तरी, तिसऱ्याला शेजाऱ्याच्या उदाहरणाची आणि चौथ्याला फक्त सोयीच्या वाराची. एकाच रकान्यात त्यांना कोंबणारी पाहणी यांपैकी कोणाच्याही कामाची राहत नाही.

मोजणे तरीही हवे

एवढ्या त्रुटी आहेत म्हणून मोजमापच सोडून द्यावे असा याचा अर्थ नव्हे. फिलिपाइन्सचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. त्या देशात २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची नवी लस देण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की, ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही अशांना या लशीनंतर तीव्र आजाराचा धोका वाढू शकतो. देशभर क्षोभ उसळला. लशी महत्त्वाच्या आहेत हे ठामपणे मान्य करणाऱ्यांचे प्रमाण २०१५ साली ९३ टक्के होते. २०१८ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा ते ३२ टक्क्यांवर आले. एका लशीवरील अविश्वास सर्व लशींवर पसरला, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत तेथे गोवराची साथ जाहीर करण्याची वेळ आली. २०१५ ची नोंद हाती नसती तर ही घसरण किती खोल आहे हे कळलेच नसते. एकाच दिवशी काढलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तोच प्रश्न, त्याच रीतीने, वर्षानुवर्षे विचारला तर मात्र वादळापूर्वीचा वाऱ्याचा बदल टिपता येतो.

दारावरची खूण

मोजमाप कसे असावे याचा उत्तम नमुना परदेशातून आणण्याचीही गरज नाही. तो भारताच्या पोलिओ मोहिमेत सापडतो. लस मुलांची होती, पण होकार वा नकार घरातील प्रौढांचा होता. २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते. काही वस्त्यांत या डोसामुळे पुढे मूल होत नाही अशा अफवा होत्या. घरोघर फिरणारी पथके खडूने दारावर खूण करीत : सर्व मुलांना डोस मिळाला तर ‘पी’, एखादे मूल राहिले तर ‘एक्स’. मोहिमेतील शहाणपण यापुढे होते. ‘एक्स’ची घरे सरसकट विरोधकांची मानली गेली नाहीत. घराला कुलूप आहे, कुटुंब परगावी गेले आहे, मूल आजारी आहे, की घरच्यांनी नकार दिला आहे, याची निराळी नोंद होई. कुलूप असलेल्या घरी पुन्हा फेरी करायची होती, आजारी मुलाच्या घरी आरोग्यसेवक पाठवायचा होता. आणि नकार असलेल्या घरी त्या वस्तीचा विश्वास ज्यांच्यावर होता त्यांना न्यायचे होते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया इस्लामिया यांसारख्या संस्था, मशिदींतील इमाम आणि त्याच गल्लीतील स्त्री-कार्यकर्त्या या कामात उतरल्या.

नकाराची कारणे ऐकून घेतली तेव्हा एक तक्रार पुनःपुन्हा पुढे आली : गटारे तुंबली आहेत, पाणी दूषित आहे, जुलाबाचे औषध मिळत नाही, आणि सरकारला मात्र या दोन थेंबांचीच एवढी काळजी का? हा प्रश्न लशीविरुद्ध नव्हता, दुर्लक्षाविरुद्ध होता. २००९ साली उत्तर प्रदेश आणि बिहारमधील सर्वाधिक जोखमीच्या १०७ गटांत पोलिओच्या जोडीने स्वच्छता, शुद्ध पाणी आणि जुलाबावरील उपचार यांकडे लक्ष देण्याची योजना आखली गेली. देशातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे नोंदला गेला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. खडूच्या त्या खुणेमागे कोणताही गुणांक नव्हता. पण प्रत्येक खुणेमागे पुढे काय करायचे याचे उत्तर होते.

आकड्यानंतर काय?

कोणत्याही मोजमापाची खरी कसोटी हीच आहे. संशयाचा एकच ठोक आकडा हाती असला की सक्तीचा मोह होतो. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून मुंबईच्या लोकल गाड्यांत दोन मात्रा घेतलेल्यांनाच प्रवेश मिळू लागला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्याच्या प्रशासनाने किमान एक मात्रा घेतल्याशिवाय रेशन, स्वयंपाकाचा गॅस आणि पेट्रोल देऊ नये असा आदेश काढला. साथीच्या भीतीपोटी उचललेली ही पावले होती, आणि त्यांनी काही जणांना केंद्रापर्यंत नेलेही असेल. पण ज्याला सुट्टी मिळत नव्हती, ज्याला भीती होती आणि ज्याचा ठाम विरोध होता, त्या तिघांवर एकच दंडुका उगारला गेला. शिधा बंद होण्याची धास्ती सर्वांत जास्त कोणाला, हे सांगावयास नको. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदानुसार शरीराच्या अखंडतेचा हक्क प्रत्येकाला आहे आणि कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक हितासाठी शासन निर्बंध घालू शकते, पण ते प्रमाणशीर असले पाहिजेत. सक्तीचा मार्ग अरुंद झाल्यावर समजावणीचा मार्ग उरतो, आणि समजावणीसाठी कोणाला काय अडते आहे हे नेमके ठाऊक असावे लागते.

हा प्रश्न कोविडबरोबर संपलेला नाही. क्षयरोगाच्या प्रतिबंधासाठी २०२४ पासून अनेक राज्यांतील निवडक जिल्ह्यांत प्रौढांना, त्यांच्या संमतीने, बीसीजीची लस देण्याचे काम हाती घेण्यात आले. तान्हेपणीच टोचावयाची म्हणून परिचित असलेली लस पन्नाशीत पुन्हा का घ्यायची, हा प्रश्न कोणत्याही विचारी माणसाला पडेल. त्याला उत्तर मिळाले तर तो दंड पुढे करील. ‘साशंक’ असा शिक्का मिळाला तर तो दार लावून घेईल.

पाहणी करणाऱ्यांनी म्हणून काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. नमुना कसा निवडला आणि कोण त्यातून सुटले हे आकड्याच्या शेजारीच छापावे. न मिळालेली लस आणि नाकारलेली लस यांचे रकाने कधीही एक करू नयेत. विधाने त्या त्या भागातील बोलीत आधी पडताळून पाहावीत. ‘बघू’ असे उत्तर आले तर ते तसेच लिहून घ्यावे आणि त्यापुढे ‘का?’ हा साधा प्रश्न विचारावा. तोच प्रश्न ठरावीक काळाने पुन्हा विचारावा, आणि मिळालेला निष्कर्ष ज्या गावातून मिळाला त्या गावाला सांगावा. या देशात घरोघरच्या नोंदी करण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर शाळाशिक्षक, आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि कारकून यांच्या हातून होते. महाविद्यालयीन विद्यार्थीही प्रकल्पांच्या निमित्ताने अशा पाहण्या करतात. फॉर्मवर खूण करणाऱ्या त्या हाताला आपण एका माणसाचे म्हणणे नोंदवतो आहोत याची जाणीव असेल, तर पुढे मंत्रालयापर्यंत जाणाऱ्या आकड्यात त्या माणसाची अडचणही पोहोचेल. अन्यथा शंका कोणाची आणि कशाविषयी हे अज्ञातच राहील, आणि पुढील साथ दाराशी येईल तेव्हा हाती केवळ टक्केवारी असेल.